परदेशी ब्रँडशी कोल्हापुरीचा करार: सहीआधी काय काय ठरवायचं

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने एक चप्पल दाखवली आणि तिला नुसतं ‘चामडी सँडल’ म्हटलं. इकडे फोटो बघणाऱ्या कुणालाही ती कोल्हापुरी आहे हे सांगावं लागलं नाही. बोंबाबोंब झाली. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा कुठली ते मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनणारे २,००० जोड, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, सोबत कारागिरांना प्रशिक्षण, अशी घोषणा झाली. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात आदिदासला यालालाग गावाची जाहीर माफी मागावी लागली. तिथलाही वाद पायताणाचाच.

आता असा फोन तुमच्या संस्थेलाही येऊ शकतो. मोठ्या ब्रँडचा नसेल, तर पॅरिस किंवा टोकियोतल्या एखाद्या छोट्या डिझायनरचा. पुढचं सगळं त्या फोननंतरच्या कामाबद्दल आहे: सहकारी संस्थेच्या सचिवासाठी, गटासोबत काम करणाऱ्या डिझायनरसाठी, आणि घरातला इंग्रजी वाचणारा म्हणून ज्याच्या हातात करार दिला जातो त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी. भागीदारी न्यायाची आहे की नाही हे प्रेसनोटवरून कळत नाही. दरपत्रक, मंजूर नमुना आणि माल नाकारण्याचं कलम, एवढे तीन कागद बघा.

विकायला नेमकं काय आहे

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन, म्हणजे बोलण्यातला जीआय, मिळाला: ठरावीक भागात बनणाऱ्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण. क्षेत्र आठ जिल्ह्यांचं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंद दोन्ही महामंडळांच्या नावे आहे.

बैठकीत पहिली गफलत इथेच होते. समोरचा म्हणतो, जीआयचं लायसन्स द्या; आपल्यातलं कुणीतरी रॉयल्टीचा आकडा सांगून मोकळं होतं. पण १९९९ च्या जीआय कायद्याचं कलम २४ सांगतं की हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लायसन्सनेही देता येत नाही. इटलीत शिवलेल्या चपलेला पैसे घेऊन ‘कोल्हापुरी’ हे नाव देण्याचा अधिकार कुणाकडेच नाही. नाव हवं असेल तर माल या आठ जिल्ह्यांत, नोंदलेल्या वर्णनाप्रमाणे बनायला हवा. बोलणी करताना तुमच्या हातातला हा सगळ्यात भारी पत्ता आहे, आणि बरेच जण तो उघडतच नाहीत.

पत्ता चालायला मात्र गटातल्या कारागिरांची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात नोंद हवी. महामंडळाकडे जीआय आहे म्हणून प्रत्येक कारागीर आपोआप नोंदलेला होत नाही. अर्ज वैयक्तिक असतो. पहिल्या बैठकीच्या आधीच तो करून ठेवा, कारण परदेशी वकील सर्वांत आधी हीच यादी मागतो.

भारतातला जीआय युरोपात चालत नाही, हेही लक्षात असू द्या. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा वेगळा कायदा लागू झाला आहे आणि संघाबाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही स्पेनमधल्या आलिकांते इथल्या बौद्धिक संपदा कार्यालयात अर्ज करता येतो. हे काम जीआयधारक महामंडळांनी करायचं. तुम्ही लेखी मागणी करत राहा. तोवर युरोपात तुमचं संरक्षण म्हणजे फक्त करारातली वाक्यं. म्हणून करारात घालाच: या करारातला माल सोडून इतर कुठल्याही मालावर, जाहिरातीत किंवा वेबसाइटवर ब्रँड हे नाव किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव वापरणार नाही, ‘कोल्हापुरी स्टाइल’सुद्धा नाही.

डिझाइनचं प्रकरण थोडं किचकट आहे. कापशी किंवा पुकारी हे कोल्हापुरीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घाट. ते नवे नसल्यामुळे कुणाच्याही नावे नोंदता येत नाहीत. पण ब्रँडच्या डिझायनरने आणि तुमच्या कारागिराने मिळून काढलेली नवी वेणी (चामड्याच्या पट्ट्यांची गुंफण) नोंदता येते, आणि तुम्ही गप्प बसलात तर ती ब्रँडच्या एकट्याच्या नावे नोंदली जाईल. दोन वाक्यं लिहून घ्या. पारंपरिक घाटाचा कुठलाही भाग ब्रँड कुठल्याही देशात डिझाइन किंवा ट्रेडमार्क म्हणून नोंदणार नाही. नवं जे निघेल ते दोघांच्या नावे नोंदलं जाईल आणि नोंदणीचा खर्च ब्रँडचा. शिवाय नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत नमुन्याचा फोटो कुणीही टाकायचा नाही. युरोपात डिझाइन उघड झाल्यावर अर्जाला १२ महिने मिळतात, भारतात अशी सवलत नाही. गटातल्या एखाद्या पोराने इन्स्टाग्रामवर कौतुकाने टाकलेला एक फोटो भारतातली नोंदणी घालवू शकतो.

टेबलावर कोण बसणार

ब्रँडला एकच सही हवी असते; ती कुणाची हे तुम्ही ठरवा, त्यांना निवडू देऊ नका. बोलक्या, इंग्रजी येणाऱ्या व्यापाऱ्याशी करार झाला की कारागीर पुन्हा जोडाच्या मजुरीवर येतो. सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असेल तर तिचा ठराव करा. ठरावात प्रतिनिधींची नावं, त्यांना कुठल्या गोष्टींवर हो म्हणता येईल आणि कुठल्यांसाठी सभेत परत यावं लागेल, हे लिहा. दर, एकाधिकार (माल फक्त त्याच ब्रँडला देण्याचं बंधन) आणि नावाचा वापर या तीन गोष्टी सभेशिवाय मंजूर होणार नाहीत असा नियम ठेवा. बोलणी चालू असताना ‘सभेला विचारावं लागेल’ एवढं म्हणता येणं हीसुद्धा ताकद असते.

चपलेमागचे सगळे हात मोजले का, हे बघा. कातडं कमावणारा वेगळा, तळ कापणारा वेगळा, आणि वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. बोलणी करायला मात्र दुकानात बसणारा पुरुष जातो. कमावणाऱ्या ढोर समाजातल्या कुटुंबांना वाढीव दरातला वाटा मिळाला नाही तर दोन वर्षांत चांगलं कातडंच मिळेनासं होईल. मग न्याय राहू द्या, मालही निघणार नाही. वेणी घालणाऱ्या बायकांची नावं आणि जोडांची संख्या स्वतंत्र वहीत ठेवा. त्याचं आणखी एक कारण आहे. बहुतेक मोठ्या ब्रँडच्या आचारसंहितेत विनापरवाना उपकंत्राट आणि घरून काम यांना मनाई असते. तपासनीस आला, त्याला वेणी घरात घातली जाते असं दिसलं, की तो ‘गंभीर त्रुटी’ लिहितो आणि ब्रँड सरळ मशीनची वेणी सुचवतो. करारातच लिहा की घरून होणारं वेणीकाम मान्य आहे, त्याच्या नोंदी गट ठेवेल आणि पैसे थेट त्या बाईच्या खात्यात जातील.

दर: घड्याळ लावून

जोडाला किती, असं विचारल्यावर बाजारातला भाव सांगू नका. बाजारभावात कारागिराची मजुरी आधीच मारलेली असते. तीन कारागीर घ्या, प्रत्येकाने तीन जोड करावेत, आणि भिजवणं, रापीने कापणं, वेणी, आरीने शिवण, कान आणि अंगठा बसवणं, शेवटचा हात, असा प्रत्येक टप्पा घड्याळ लावून मोजा. नऊ जोडांची सरासरी घ्या. सर्वांत झपाट्याने काम करणाऱ्याचा वेळ धरायचा मोह होतो, पण त्या दराने बाकीचे सगळे तोट्यात जातात.

खालचे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही भरा. चामडं ८५० रुपये. कापताना वाया जाणारं १२ टक्के, म्हणजे १०२. वादी, दोरा, रंग, तेल ९०. मजुरी नऊ तास, तासाला १३०, म्हणजे १,१७०. जागा, वीज, हत्यारं, ने-आण १८०. तपासणी आणि पॅकिंग ७०. बेरीज २,४६२.

आता नाकारल्या जाणाऱ्या जोडांची तरतूद. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. शंभरातले वीस जोड नापास होणार असतील तर लोक खर्चात २० टक्के मिळवतात: २,४६२ चे २,९५४. पण तुम्ही शंभर जोडांचा खर्च करून ऐंशीचेच पैसे घेणार आहात. म्हणून ०.८० ने भागायचं: ३,०७८. फरक जोडाला १२४ रुपये, २,००० जोडांत जवळपास अडीच लाख. नापास होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांवर आलं तर हाच हिशेब २,५९२ वर येतो. त्यावर १५ टक्के नफा धरला की २,९८१. पहिल्या ऑर्डरला वीस टक्क्यांचा दर मागा, प्रमाण खाली आलं की पुढच्या ऑर्डरला दर कमी करायची तयारी दाखवा. ब्रँडच्या खरेदी अधिकाऱ्याला अशी भाषा समजते.

किरकोळ किमतीकडे बघून चिडणं सोपं आहे. ८०० युरोची चप्पल आणि आपल्याला काय? पण आधी गणित नीट करा. इटलीत व्हॅट २२ टक्के आहे. ८०० मधून तो काढला की सुमारे ६५६ युरो उरतात. त्यातून दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात आणि न खपलेला माल निघतो. म्हणून ‘किमतीच्या निम्मे द्या’ ही मागणी पहिल्याच मिनिटाला बाद होते. टिकणारी मागणी वेगळी: मालाचा दर हिशेबाने, आणि त्यावर विक्रीचा ठरावीक हिस्सा. समजा व्हॅट वजा जाता किमतीच्या ३ टक्के. जोडाला १९ युरो ६७ सेंट, २,००० जोडांना सुमारे ३९,३४० युरो. एवढ्यात गटाच्या दोन-तीन वर्षांच्या कातड्याच्या खरेदीचं भांडवल उभं राहू शकतं. हा हिस्सा प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या जोडांवर नको, पाठवलेल्या जोडांवर मागा. दुकानात किती खपले हे तपासायला तुम्ही मिलानला जाणार नाही.

मंजूर नमुना

नमुन्याचे पैसे घ्या. नेहमीच्या दराच्या दुप्पट मागितले तरी कुणी भुवया उंचावत नाही, कारण एका नमुन्यात चार जोडांचं काम जातं. तीन दुरुस्त्यांपर्यंत एक दर, चौथीपासून वेगळा. फुकट नमुने देण्याची सवय लागली की दहा डिझायनर येतात आणि ऑर्डर एकाचीही लागत नाही.

मंजूर झालेल्या नमुन्याचे तीन सारखे जोड करा. तिन्ही पिशव्यांत घालून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख. एक तुमच्याकडे, एक ब्रँडकडे, एक तपासणी करणाऱ्या तिसऱ्या संस्थेकडे. वाद झाला की फोटो चालत नाही. स्क्रीनवर तपकिरी रंग प्रत्येकाला वेगळा दिसतो.

नमुन्यासोबत एक पान जोडा: काय दोष मानायचा नाही. यात कंजूषपणा नको. डाव्या-उजव्या पायातला रंगाचा थोडा फरक, गोचिडाचे जुने डाग, मानेच्या भागावरच्या सुरकुत्या, तेल पिऊन गडद होणं, वापरल्यावर तळ पायाच्या आकाराने खोलगट होणं. तळाच्या थरांमध्ये बी घालून काढलेला करकर आवाज हवा असेल तर तोही या पानावर लिहा. नाहीतर युरोपातला गोदामवाला ‘तळ सैल’ म्हणून पेटी परत पाठवेल. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते हे आपल्याला ठाऊक असतं, फ्लॉरेन्समधल्या गिऱ्हाइकाला नसतं. तेल कसं लावायचं, भिजली तर सावलीत कशी वाळवायची, याचं कार्ड पेटीत घालायला सांगा. नाहीतर दुकानातून परत आलेल्या जोडांचा दोष तुमच्या माथी मारला जाईल.

ब्रँड हमखास मऊ गादी किंवा रबरी तळ मागतो. गादी एक वेळ चालेल, नोंदलेल्या वर्णनात बसते का तेवढं तपासा. रबरी तळाचा परिणाम कागदावरही होतो. जागतिक सीमाशुल्क यादीत ६४०३२० हा क्रमांक नेमका चामडी तळ, पंजावरून पट्टा आणि अंगठ्याभोवती पट्टा असलेल्या पादत्राणासाठी आहे. तळ रबरी झाला की क्रमांक बदलतो, जकात बदलू शकते आणि कोल्हापुरी म्हणणंही अवघड होतं. असा माल करायचाच असेल तर वेगळ्या नावाने, वेगळ्या करारात करा.

प्रयोगशाळा, तपासणी आणि नकार

युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहाचं (क्रोमने कमावलेल्या चामड्यात तयार होऊ शकणाऱ्या घातक रसायनाचं) प्रमाण किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून, कातड्याची पिशवी शिवून, तीत अर्क भरून टांगून कमावलेला तळ इथे सहसा सहज पास होतो. क्रोमच वापरलेलं नसतं. घोटाळा होतो तो बाहेरून आणलेल्या अस्तराच्या किंवा रंगीत पट्ट्याच्या चामड्यामुळे, स्वस्त अझो रंगांमुळे, आणि बुरशी लागू नये म्हणून पेटीत टाकलेल्या पुड्यांमुळे. काही पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट असतं, त्याची युरोपातली मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळपास बंदीच. फक्त साधी सिलिका जेल वापरा आणि पुरवठादाराकडून लिहून घ्या. चाचण्या चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत होतात. खर्च ब्रँडचा, आणि चाचणी कातडं कापण्याआधी. तयार चपलेची करून उपयोग नाही. ब्रँडने टॅनरीच्या ऑडिटचं प्रमाणपत्र मागितलं तर ऑडिटचं शुल्कही त्यांनीच भरायचं. घरामागे कुंड असलेल्या माणसाला ते परवडणारं नाही.

मालाची तपासणी बहुतेक वेळा आयएसओ २८५९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्याने होते: थोडे जोड तपासून अख्ख्या लॉटचा निकाल लावतात. २,००० जोडांच्या एका लॉटमधून १२५ जोड काढतात. दोषांची स्वीकारार्ह मर्यादा (इंग्रजीत एक्यूएल) २.५ ठरली असेल तर ७ दोषी जोडांपर्यंत लॉट पास, आठवा सापडला की अख्खे २,००० जोड अडकतात. मर्यादा ४ धरली तर १० पर्यंत पास. मशीनच्या बुटाला २.५ ठीक आहे, हातच्या कामाला ४ मागा. आणखी एक गोष्ट मागा: लॉट २०० जोडांचा. तेव्हा ३२ जोड तपासले जातात, मर्यादा ४ असेल तर तीनपर्यंत पास, आणि नापास झाला तरी २०० च जोड थांबतात, बाकीच्यांचे पैसे सुटतात. तपासणीच्या फेऱ्या वाढतात, त्यांचा खर्च त्यांचा. तपासणी कोल्हापुरात, माल गाडीत चढण्याआधी. मिलानच्या गोदामात पोचल्यावर दिलेला नकार मान्य नाही, हे ठळक अक्षरात.

सगळ्यात जास्त गट बुडतात ते नाकारलेल्या जोडांचं काय करायचं हे न ठरवल्यामुळे. ब्रँड म्हणतो, आमचं डिझाइन आहे, बाहेर विकायचं नाही. मग ते २०० जोड कारागिराच्या माळ्यावर पडून राहतात आणि पावसात बुरशी खातात. पर्याय दोनच ठेवा. लोगो काढून स्थानिक बाजारात विकायची परवानगी, किंवा विकायची बंदी हवी असेल तर दोषी जोडांनाही ठरल्या दराच्या ६० टक्के रक्कम. यातलं एकही कलम नसेल तर सही करू नका.

पावसाचं वेळापत्रक

उन्हाळी संग्रह युरोपच्या दुकानांत डिसेंबर ते फेब्रुवारीत पोचायला लागतो. म्हणजे शिवणकाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस. कातडं वाळत नाही, रंग फुटतो, बुरशी येते. फॅशनचं कॅलेंडर आणि आपला पावसाळा इथे एकमेकांच्या वाटेत येतात. उपाय एकच: कातडं मार्च ते मेमध्ये कमावून ठेवायचं, पावसात फक्त वेणी आणि छपराखालचं काम, शेवटचा हात ऑक्टोबरात. त्यासाठी फेब्रुवारीत पैसे हवेत. म्हणून आगाऊ रक्कम मागताना ‘विश्वास’ वगैरे शब्द वापरू नका, कातड्याचं वेळापत्रक पुढे करा. ४० टक्के फेब्रुवारीत ऑर्डरसोबत, ४० टक्के प्रत्येक लॉटची तपासणी पास झाल्यावर, २० टक्के माल निघाल्यापासून ३० दिवसांत. आगाऊ रक्कम जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस माल पोचवण्याची तारीख पुढे जाईल, हे त्याच परिच्छेदात लिहा. उशिराचा दंड असेल तर त्याला एकूण ५ टक्क्यांची मर्यादा घाला आणि अतिवृष्टीचे दिवस वगळा. पंचगंगेचा पूर ब्रँडच्या वकिलाला ठाऊक नसतो.

पैसा कुठल्या वाटेने येतो

मालाची किंमत म्हणून आलेला पैसा आणि देणगी म्हणून आलेला पैसा यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रँडच्या सामाजिक विभागाला ‘कारागीर कल्याण निधी’ला देणगी द्यायला आवडतं, फोटो चांगला येतो. पण तुमची संस्था परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदलेली नसेल आणि सरकारची पूर्वपरवानगीही नसेल तर ती घेता येत नाही. नोंदलेली असली तरी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. धंद्याच्या ओघात मालाची किंवा सेवेची किंमत म्हणून आलेली रक्कम या कायद्यात धरली जात नाही. म्हणून तो ३ टक्के हिस्सा देणगी म्हणून नको, बिलातली एक ओळ म्हणून घ्या. प्रशिक्षण दिलं तर त्याचंही बिल.

थेट निर्यात करणार असाल तर आयात-निर्यात क्रमांक आणि जीएसटीचं हमीपत्र आधीच काढून ठेवा, आणि बँकेकडून प्रत्येक रकमेचं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. एवढी यंत्रणा नसेल तर ब्रँडच्या भारतातल्या खरेदी कंपनीला माल विकणं सोपं, आणि त्यात एक फायदा दडलेला आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला भारतातल्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. परदेशातल्या कंपनीला हा कायदा लागू करता येत नाही. नोंदणी ऑर्डरच्या आधीची हवी.

नाव, फोटो, प्रवास

‘भारतीय कारागिरीपासून प्रेरित’ हे वाक्य कुणाचंच देणं लागत नाही. टॅगवरचा मजकूर शब्दशः परिशिष्टात टाका: चपलेचं नाव, जिल्हा, गटाचं नाव, जीआयची नोंद. वेबसाइट, प्रेसनोट आणि दुकानातला फलक यांनाही तोच मजकूर लागू. कारागिराचं नाव घालायचं तर त्याला विचारून. काहींना नको असतं, आणि त्यांची कारणं त्यांच्याजवळ.

फोटो आणि चित्रीकरणाची परवानगी प्रत्येक माणसाची वेगळी घ्या, एका संग्रहापुरती आणि दोन वर्षांपुरती. कमावण्याची सगळी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने चित्रित करू द्यायची का, हे सभेत ठरवा. जाहिरातीला दोन मिनिटं पुरतात. तीन दिवस कॅमेरा लावून मोजमापं लिहून घेणारा माणूस जाहिरात करत नसतो.

कारागिरांना इटलीला नेणार असतील तर तिकिटापलीकडचं बघा. मागे राहिलेल्या घराची बुडालेली मजुरी, पासपोर्टचा खर्च, मुंबईला व्हिसासाठीच्या खेपा, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, आणि तिथे मराठी किंवा कन्नड कळणारा एक माणूस. जाणाऱ्यांत वेणी घालणारी एक तरी बाई असावी. आणि तिथे जाऊन ती शिकणार की शिकवणार, हे बिलात दिसायला हवं.

भांडण आणि शेवट

कराराची मराठी प्रत इंग्रजीइतकीच ग्राह्य धरली जाईल, सीमेपलीकडच्या गटासाठी कन्नडही, असं लिहून घ्या आणि सभेत ती मोठ्याने वाचा. वाचताना जिथे लोक एकमेकांकडे बघतात ते कलम पुन्हा लिहायला लागणार. वादासाठी मिलानचं न्यायालय लिहिलेलं असेल तर ते कलम तुमच्यासाठी नसल्यात जमा आहे. आधी महिनाभर समेटाचा प्रयत्न, मग लवाद, लवादाचं स्थान मुंबई, सुनावणी ऑनलाइन चालेल. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे मुंबईतला निवाडा इटलीत अमलात आणता येतो.

एकाधिकार मागितला तर एका डिझाइनपुरता, एका हंगामापुरता, आणि ठरावीक जोड घेतले नाहीत तरी त्यांचे पैसे देण्याच्या अटीवर द्या. अख्ख्या गटाचं काम एका ब्रँडला बांधू नका. वर्षाच्या एकूण जोडांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं की ऑर्डर थांबल्यावर घरं थांबतात.

थांबणार हे धरूनच चला, मर्यादित संग्रह मर्यादितच असतो. पुढच्या हंगामाला ऑर्डर नसेल तर तसं कातडं विकत घेण्याच्या आधी, म्हणजे जानेवारीअखेर लेखी कळवायचं. त्यानंतर कळवलं तर कमावलेलं कातडं ब्रँडने खरेदी दराने उचलायचं. लोगोचे ठसे परत द्यायचे, पावती घ्यायची. न खपलेल्या जोडांचंही लिहा: १९ जुलै २०२६ पासून युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांना न विकलेली पादत्राणं नष्ट करायला बंदी आहे, त्यामुळे तो माल कुठेतरी सवलतीत विकला जाणार आणि तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाला तीच किंमत दिसणार. सवलतीत काढण्याआधी ते जोड गटाला देऊ करायचे, तुम्ही घ्यायचं ठरवलंत तर कोल्हापूरपर्यंतची वाहतूक त्यांची.